साहेब आले तेव्हा एकही लेकरू रडलं नाही

३ सप्टेंबर १९६१, रविवार

आज बोलायला कोणीच नव्हतं म्हणून ही वही काढली. तसं रोजच कोणी नसतं, पण इतर दिवशी निदान लेकरं असतात. रविवारी बालवाडी बंद. सकाळपासून तोंडातून दोनच वाक्यं निघाली. एक शेळीला हाकलताना, अन् दुसरं तीच शेळी परत आली तेव्हा.

पहिल्या पानावर आपलं नाव लिहावं म्हणतात, तर लिहिते. प्रभावती, वय सत्तावीस, विधवा, विकास गटाची बालसेविका. मुक्काम मुकुटबनपासून दोन कोस आतलं हे गाव. पुढे बालवाडीची खोली, मागे माझी खोली, मध्ये एक कुडाची भिंत. तीन महिने झाले, पण अजून कोणाच्या घरी मी बसलेली नाही अन् कोणी माझ्याकडे बसलेलं नाही. लोक वाईट नाहीत. रस्त्यात भेटले की "काय बाई, जेवल्या का?" विचारतात अन् उत्तराची वाट न पाहता पुढे जातात.

डिसेंबरात साहेब पाहणीला येणार आहेत. वीस लेकरं नीट बसलेली दिसली तर बालवाडी पुढे चालेल, नाहीतर मार्चमध्ये टाळं. टाळं लागलं की मी परत यवतमाळला दादाच्या घरी, वहिनीच्या हाताखाली. तिथे माझ्या जेवणाकडे सगळे पाहतात.

११ सप्टेंबर

दुधाची पावडर आली. माझ्या हातचं दूध लेकरांना चालणार नाही, हे मला कोणी सांगितलं नाही. फक्त पहिल्या दिवशी एकाही लेकराने प्यायलं नाही, अन् दुसऱ्या दिवशी मदतनीस हंसाबाईने माझ्या हातातली बादली काढून घेतली. "द्या बाई, मीच कालवतो," म्हणाली. तिने कालवलं तर सगळी घटाघटा प्यायली. पाच वर्षांपूर्वी नागपूरला आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मला वाटलं होतं, झालं, सुटलो. आम्ही सुटलो, पण दुधाला अजून कोणी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी पाटील, मारोतराव, दारावरून जाताना थांबले. "बाई, एवढाल्या पोट्ट्यायले काय शिकोता? खाते, मुतते अन् झोपते. सहा वर्षाचं झालं का जाईन शाळेत. तोपर्यंत लेकरू आपोआप वाढते."

मी म्हटलं, "मारोतराव, पऱ्हाटी पेरल्यावर तण काढायचे पहिले दोन डवरे चुकवता का हो तुम्ही? बोंडं लागल्यावर एकदमच डवरत असाल."

ते हसले. "जीभ तिखट हाय तुमची," म्हणाले अन् गेले. बोलले तरी. तेवढ्यावर माझी संध्याकाळ निघाली.

२० ऑक्टोबर

काल दसरा झाला. नागपूरला जायचं होतं, पण रजा मिळाली नाही. पांढरं लुगडं नेसून एकटीच वंदना म्हटली. आवाज फार मोठा वाटला म्हणून मध्येच हळू केला.

२६ ऑक्टोबर

वेचणी सुरू झाली अन् माझी बालवाडी बसली. परवा एकोणीस लेकरं होती, आज चार. पाच वर्षांची पोरगीसुद्धा घरी नाही. बाया कापूस वेचतात, तान्ही लेकरं झोळीत टाकतात, अन् झोळी हलवायला मोठी बहीण लागते. "आता संक्रांतीपर्यंत कोणी येत नाही," हंसाबाई म्हणाली.

मी तडक मारोतरावांच्या वावरात गेले. धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, कडुनिंबाला चार झोळ्या टांगलेल्या. एकही हलत नव्हती, एकही लेकरू रडत नव्हतं. एकाच्या ओठावर माशी बसली होती अन् त्याने तोंड हलवलं नाही. झाडाच्या मुळीशी लुगड्याच्या चिंधीने कमरेत बांधलेली एक पोरगी बसली होती, अडीच वर्षांची असेल. डोळे उघडे. मी चुटकी वाजवली, टाळी वाजवली, पण तिने पाहिलं नाही. मला वाटलं बहिरी आहे.

तिची आई कापसाने भरलेली ओटी घेऊन आली. जोहराबी, बशीर पिंजाऱ्याची बायको. पोरीचं नाव शहनाज. "बहिरी नाही ते," जोहराबी म्हणाली. "अफीम देल्ली हाय. मोहरीएवढी."

मग माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "पोटच्या पोरीला विष घालता? लाज नाही वाटत?"

"वाटते नं," ती म्हणाली. "वाटून काय करू? रडली का उठा लागते. दोनदा उठली का मुकरदम उद्या बोलवत नाही. तुमाले एवढा कळवळा हाय तर तुमीच ठेवा नं तिले."

पऱ्हाटीच्या तासातल्या, ओळीओळीतल्या सगळ्या बाया उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. एवढ्या जणींनी एकदम माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. मी तशीच परत आले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला काय कळणार?

२८ ऑक्टोबर

वावरात जाऊन बायांना सांगून आले. तान्हीसुद्धा आणा, पण अफू बंद. नियमात तीन ते सहा वर्षांची लेकरंच बसतात, हे मला माहीत आहे. पण तान्ही आली तर त्यांच्या बहिणी येतील, अन् बहिणी आल्या तर वीस भरतील. वहीत तरी उगाच मोठेपणा घेऊ नये.

१ नोव्हेंबर

मेले मी! शहनाज चार दिवस रडते आहे. नाक वाहतं, अंगाला घाम, दूध ओकते, ठेवलं की किंचाळते, उचललं की चावते. बाकीची तान्ही तिचं ऐकून रडतात. हंसाबाई कानावर हात ठेवून म्हणाली, "थोडीशी द्या नं बाई, लेकरू तडफडून राह्यलं." नाही दिली. आज दुपारी मीही तिच्याबरोबर बसून रडले. तेव्हा ती गप्प झाली अन् माझं तोंड पाहत बसली.

९ नोव्हेंबर

गावात दिवाळी. आमच्या घरी आता दिवाळी नाही, त्यामुळे ताट आलं नाही याचं वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. वाटलं ते वाटलं.

दुपारी बशीर पिंजारी आला अन् लेकरांसाठी एक मोठी गादी टाकून गेला. "जुना कापूस पडून होता घरी," म्हणाला. बघा, अडगळ काढायला माझीच खोली सापडली. कापूस मात्र पांढराशुभ्र निघाला, जुना वाटला नाही. असो.

२४ नोव्हेंबर

आता रोज एकवीस-बावीस येतात. शहनाज हाक मारली की वळून पाहते. चिंचोके या वाटीतून त्या वाटीत टाकते. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, लेकराशी सारखं बोलत राहा, त्याला कळत नसलं तरी बोला, त्यावरच त्याची बुद्धी वाढते. त्यांना काय माहीत, मला तर बोलायला कोणी हवंच होतं. तिला सगळं सांगून झालं. वहिनीचं, ह्यांच्या आजारपणाचं, मला लेकरू झालं नाही त्याचं. ती चिंचोके टाकत ऐकते. दादाने इतकं कधी ऐकलं नाही.

अन् आज बोलली! मी दुधाची वाटी पुढे केली तर वाटी ढकलून म्हणाली, "नको." पहिला शब्द. मी इतके दिवस जिवाचं रान केलं अन् मेली म्हणते नको! मी उचलून घेतली तर पुन्हा "नको". हंसाबाई हसून हसून खाली बसली. संध्याकाळी जोहराबीला सांगितलं तर तिने पोरीला तीनदा विचारलं, "दूध पेते?" तिन्ही वेळा "नको" ऐकलं अन् तिला छातीशी धरून गेली.

९ डिसेंबर

साहेब गुरुवारी येणार. खोली सारवली, भिंतीवर चित्रं लावली. काळजी एकच, गोंगाट. अफू सुटल्यापासून ही लेकरं कोणाचं ऐकत नाहीत. शहनाज तर सगळ्यांत पुढे, सगळ्याला नको. मागच्या गावात म्हणे साहेबांनी रडारड ऐकून दारातूनच पाय मागे घेतला.

आज विहिरीवर जाऊन बायांना सांगितलं. "गुरुवारी लेकरं शांत राहिली पाहिजेत हं. एकदा का साहेबांसमोर रडारड झाली की माझी नोकरी गेली अन् बालवाडीही गेली." बाया एकमेकींकडे पाहत होत्या. मग घागरी भरायला लागल्या. माझी नोकरी राहिली काय अन् गेली काय, यांना काय त्याचं!

१४ डिसेंबर, गुरुवार, दुपार

झालं! साहेब मारोतरावांकडे जेवायला गेले अन् मी लगेच लिहायला बसले.

एकही लेकरू रडलं नाही. एकही! सकाळी आया स्वतः घेऊन आल्या, तोंड धुतलेली, तेल लावलेली. ओळीत बसवली तर बसून राहिली. गाणं म्हणताना मोठ्यांचे आवाज जरा बारीक निघाले, साहेबांना भ्यायली असतील. तान्ही गादीवर शांत झोपलेली. साहेब म्हणाले, "एवढ्याशा लेकरांत इतकी शिस्त मी कुठे पाहिली नाही. बाई, तुम्ही कमाल केली." मारोतरावांनी मान डोलावली. साहेब बालवाडी पुढे चालू ठेवायची शिफारस करतो म्हणाले. एवढ्या वर्षांत माझं कौतुक कोणी केलं नव्हतं. साहेबांसमोर नीट आभारसुद्धा मानता आले नाहीत.

शहनाजने आज "नको" म्हटलं नाही. मांडीला लागून झोपली आहे, अजून उठलेली नाही. सकाळपासून नव्या माणसांनी दमली असेल. दूध देते अन् उठवते.

१७ डिसेंबर

ती उठली नाही.

हलवली, तोंडावर पाणी मारलं. ओठ निळसर, श्वास केव्हातरी एखादा. मग मी बाकीच्यांकडे पाहिलं अन् माझ्या डोळ्यांवरची पट्टी सुटली. हंसाबाईला म्हटलं, "काय दिलं यांना?" ती खाली पाहत म्हणाली, "साऱ्या जणीनं देल्ली, बाई. मले वाटलं तुमाले माहीत हाय."

वणीचा दवाखाना लांब. गाडी एकच, साहेबांची जीप, अन् ती उभी मारोतरावांच्या दारात. त्या घराच्या ओसरीवर मी कधी चढले नव्हते, खालूनच बोलायचे. त्या दिवशी पोरीला खांद्यावर घेऊन चपलांसकट चढले. साहेब जेवत होते. मी म्हटलं, "साहेब, ती शिस्त नव्हती. लेकरांना अफू दिली होती. ही उठत नाही."

म्हणताना मला कळत होतं, की सकाळचं सगळं मी माझ्या हाताने पुसते आहे. पण दुसरं काय म्हणणार होते? साहेब ताटावरून तसेच उठले. मारोतराव "अहो, हात तरी..." म्हणत राहिले. जीपमध्ये साहेबांनी सगळी वाट तिच्या तळपायांवर चापट्या मारल्या अन् उष्ट्या हातानेच तिचा श्वास पाहिला. मी तिच्या कानाशी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. दर खाचखळग्याला वाटायचं, गेली. हंसाबाईने धावत जाऊन बोलावून आणलेली जोहराबी मागे बसून नुसती अल्लाचं नाव घेत होती.

डॉक्टरांनी पोट धुतलं, सुया दिल्या. मग म्हणाले, "रोज घेणारं लेकरू एवढ्यानं इतकं गेलं नसतं. हिची सवय मोडली होती, अन् त्यात मोठी गोळी पडली." सवय कोणी मोडली ते त्यांनी विचारलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर मी जोहराबीला म्हटलं, "मी बंद करायला सांगितलं होतं ना गं?"

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "मंग शांत पायजे बी तुमीच म्हटलं. माही पोरगी सगळ्यात जास्त वरडते. तिच्यापाई बाईची नोकरी जाले नको म्हणून जवारीच्या दाण्याएवढी देल्ली. साऱ्यायनं विहिरीवर ठरवलं. बाई गेली तर आमी काय करावं?"

मला तिचा राग आला, अन् लगेच माझाच आला, अन् मग नुसतं रडू आलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं. तिच्याच पोरीच्या उशाशी बसून ती माझं तोंड पुसत होती.

बाकीची लेकरं त्याच संध्याकाळी जागी झाली होती. शहनाजने दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले.

२८ डिसेंबर

शहनाज घरी आली आहे. पाहायला गेले. बसवली तिथे बसते. बोलत नाही. दुधाची वाटी पुढे केली तर मुकाट्याने प्यायली. मला ते पाहवेना, उठून आले.

बाया लेकरं आणत नाहीत. विहिरीवर मी गेले की घागर उचलून निघतात. मला दोष देत असतील, द्यावाच. हंसाबाई म्हणते, "लाजून राह्यल्या बाई त्या तुमाले." हिला सगळीकडे चांगलंच दिसतं. चार भिंती अन् मी. आज शेळीसुद्धा आली नाही.

८ जानेवारी १९६२

ग्रामसेवकाने हुकूम वाचून दाखवला. बालवाडी पुढील वर्षीही चालू. मात्र तीन वर्षांखालील बालकांना बालवाडीच्या खोलीत घेऊ नये. बस्स. अफूचा एक शब्द नाही! म्हणजे डोळ्यांनी पाहून, उष्ट्या हाताने पोरीला धरून, साहेबांनी लिहिलं काय, तर "एका बालकाची प्रकृती बिघडली". मला संताप आला. हंसाबाई म्हणाली, "बरं झालं नाही लिवलं. लिवलं असतं तर बायायच्या मांगं पोलीस, अन् तुमी यवतमाळात." हिला तर सगळंच बरं.

नोकरी राहिली. दादाला पत्र टाकायला हवं. टाकेन.

११ जानेवारी

जोहराबी सकाळी दारात आली, कडेवर शहनाज. आपण होऊन आली. दवाखान्यानंतर पहिल्यांदा.

"उद्यापासून वेचणीले जाणं हाय. पोरीले ठेवता का?"

मी म्हटलं, "तीन कधी पुरी होतील?"

"पावसाळ्यात."

मी हुकूम सांगितला. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती "बरं" म्हणाली अन् वळली. पाठीवरून शहनाजचं डोकं दिसत होतं, ती कुठेच पाहत नव्हती.

दिवसभरात लेकरं आली सहा. मोठ्या बहिणी पुन्हा झोळ्यांपाशी. नवी पाटी, नवी चटई, वर्षभराची मंजुरी, अन् सहा लेकरं. मी त्यांना गाणं शिकवलं. माझं लक्ष वावराकडे होतं. तिथून काहीच आवाज येत नव्हता.

१५ जानेवारी, सोमवार

काल संक्रांत झाली. आज सकाळी खोलीला कडी लावली, सहा लेकरांना पुढे घातलं, हंसाबाईच्या डोक्यावर दुधाची बादली दिली, मी बशीरची गादी घेतली अन् धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. बाया ओट्या बांधत होत्या. एका झोळीतलं लेकरू अजून जागं होतं. मी म्हटलं, "झोळ्या राहू द्या. काही देऊ नका. आजपासून बालवाडी इथे."

मारोतराव धुऱ्याधुऱ्याने आले. "बाई, हे काय? हुकूम आयकला नाही का तुमी?"

"ऐकला. तान्ही खोलीत नको असं लिहिलंय. झाडाचं काही लिहिलेलं नाही."

"अन् हे पोट्टे दिवसभर बोंबलले म्हंजे? बाया उठतीन, माहा कापूस राहीन."

"बाया उठणार नाहीत. मी आहे ना बसलेली."

त्यांनी एकेक झोळी वाकून पाहिली. "दोन दिवस पाहतो," म्हणाले. मी म्हटलं, पाहा. दोन दिवसांनी हाकललं तर काय, ही धास्ती होती, पण तोंडावर दाखवली नाही.

जोहराबीने शहनाजला गादीवर ठेवलं. "आज काही देल्लं नाही," एवढंच म्हणाली अन् तासाला लागली. ती वेचता वेचता सारखी मागे पाहत होती. सगळ्याच पाहत होत्या.

शहनाज बसवली तशी बसली. चिंचोके दिले, तिने हातात धरून ठेवले. मी बोलत राहिले. तिच्याशी बोलायचं अन् उत्तराची वाट पाहायची नाही हे मला एकदा जमलं होतं, या वेळी जमेना. दुपारपर्यंत घसा बसला. वाटलं, आपण उशीर केला, ती "नको" म्हणायची तेवढेच चार दिवस खरे होते, अन् आता ही अशीच बसणार, जन्मभर. मी तोंड फिरवून दुसऱ्या लेकराचं नाक पुसायला लागले.

तेवढ्यात एका पोराने मी दुपारी तिच्या हातात दिलेली भाकरी ओढून घेतली.

ती आधी रिकाम्या हाताकडे पाहत राहिली. मग तिने तोंड उघडलं अन् असं भोकाड पसरलं की कडुनिंबावरची पाखरं उडाली. पाय आपटले, गादीवर आडवी झाली, लालबुंद झाली. वावरातल्या साऱ्या बाया ताठ उभ्या राहिल्या. जोहराबीच्या ओटीतला कापूस खाली सांडला. मारोतरावही तिकडून पाहत होते.

मी उभी राहिले अन् बसलेल्या घशाने ओरडले, "काही नाही वो! भाकरीपाई रडून राह्यली! जागी हाय!"

जोहराबी हसली की नाही, एवढ्या लांबून दिसलं नाही. तिने सांडलेला कापूस गोळा केला अन् पुन्हा वाकून वेचायला लागली. शहनाज बराच वेळ रडली. मी तिला गप्प केलं नाही.